आत ओढलेली बोंडं: सिरिंज, शस्त्रक्रिया आणि अंगावर पाजण्याचा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २४, सहा महिन्यांवर लग्न. वयात आल्यापासून स्तनांची दोन्ही बोंडं (स्तनाग्रं) आत आहेत. डावं बोटांनी दाबलं की बाहेर येतं, थोडा वेळ राहतं आणि परत आत जातं. उजवं कितीही प्रयत्न केला तरी बाहेर येत नाही. गाठ नाही, पाणी येत नाही, दुखत नाही. लग्नाआधी ऑपरेशन उरकून घ्यावं का? ऑनलाइन मिळणारी खेचायची उपकरणं चालतात का? पुढे बाळाला अंगावर पाजता येईल का? आणि आजी म्हणते ते खरं आहे का, की तान्हेपणी बोंडं दाबून काढली नाहीत म्हणून ती आत राहिली?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. लग्नाच्या तारखेसाठी ऑपरेशन करू नका. डाव्या बाजूला हलक्या, रोजच्या ताणाचा उपयोग होण्याची चांगली शक्यता आहे. उजव्या बाजूला ऑपरेशनशिवाय बोंड कायमचं बाहेर येईल असं वाटत नाही, पण ते ऑपरेशन मुलं होऊन त्यांचं पिणं संपल्यावर केलेलं बरं. अंगावर पाजता येण्याची शक्यता तुम्ही समजता त्याहून बरीच जास्त आहे, फक्त बाळंतपणानंतरचे पहिले पाच-सहा दिवस नीट हाताळावे लागतील.

हे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे: बोंडं आत केव्हापासून आहेत? बोंड आत असणं वेगळं आणि आत जाणं वेगळं. वयात येताना स्तन वाढले आणि बोंडं पहिल्यापासून आतच राहिली, दोन्ही बाजूंना साधारण सारखी, आई-मावशीलाही तसंच, तर ती जन्मजात ठेवण आहे, आजार नाही. पण इतकी वर्षं बाहेर असलेलं बोंड, विशेषतः एकाच बाजूचं, गेल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आत ओढलं जात असेल तर पुढचं काहीही वाचण्याआधी स्तनतपासणी करून घ्यायची. आतल्या कर्करोगाची गाठ दूधवाहिन्यांना आणि त्यांच्याभोवतीच्या धाग्यांना आपल्याकडे खेचते, तेव्हा बोंड आत जातं किंवा एका बाजूला कलतं. सोबत त्वचेला खळी पडणं, संत्र्याच्या सालीसारखी त्वचा, रक्ताळ स्राव, काखेत गाठ, बोंडावर नायट्यासारखी खपली जी मलमाने बरी होत नाही, यातलं एक जरी असेल तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावं.

नव्याने आत गेलेलं प्रत्येक बोंड म्हणजे कर्करोग असं मात्र नाही. चाळिशी-पन्नाशीत बोंडामागच्या वाहिन्या रुंदावतात, त्यांत घट्ट स्राव साचतो आणि भोवतीचा भाग आक्रसतो. तेव्हा बोंडाच्या मध्यावर आडवी फट पडल्यासारखं दिसतं. सिगारेट ओढणाऱ्या बायकांत बोंडाच्या कडेला परत परत गळू होतं, फुटतं, भरतं आणि प्रत्येक खेपेला बोंड थोडं आणखी आत जातं. आपल्या देशात स्तनाचा क्षयरोगही विसरून चालत नाही. जखम महिनोन्महिने वाहत राहते आणि साध्या अँटिबायोटिकला दाद देत नाही. हे सगळं डोळ्यांनी ओळखण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. चाळिशीच्या पुढे मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, त्याहून लहान वयात आधी सोनोग्राफी, आणि काही संशयास्पद दिसलं तर सुईने तुकडा काढून तपासणं हा क्रम आहे. पुरुषांनाही हाच नियम: पुरुषाचं बोंड नव्याने आत गेलं तर तपासणी टाळायची नाही. आणि तपासणी होईपर्यंत खेचायचं कोणतंही उपकरण लावायचं नाही.

तुमचं वर्णन जन्मजात ठेवणीचं आहे. तरी एकदा स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा सर्जनकडून हाताने तपासून घ्या. हे दहा मिनिटांचं काम आहे.

आता बोंड आत का राहतं ते पाहू. गर्भात स्तनाच्या जागी सुरुवातीला खळगाच असतो. जन्माच्या सुमारास त्या खळग्याखालचा मऊ भाग वाढतो आणि बोंड वर उचललं जातं. काहींमध्ये हा भाग पुरेसा भरत नाही, दूधवाहिन्या आखूड राहतात आणि त्यांच्यामध्ये राठ धागे तयार होतात. तंबूचं टोक आतून दोऱ्यांनी खाली बांधून ठेवावं तशी ही अवस्था असते. दोऱ्या किती ताठ आहेत आणि टोकाखाली आधार किती आहे, यावर उपचार ठरतो. १९९९ मध्ये दक्षिण कोरियातले सर्जन हान आणि हाँग यांनी याच्या तीन प्रती, म्हणजे पायऱ्या (ग्रेड), पाडल्या, आणि आजही बहुतेक सर्जन त्याच वापरतात.

घरी ही परीक्षा सोपी आहे. कोमट पाण्याने आंघोळ झाल्यावर आरशासमोर उभं राहा. अंगठा आणि तर्जनी काळसर वर्तुळाच्या कडेवर समोरासमोर ठेवा, थेट बोंडाला धरू नका. आधी दोन्ही बोटं छातीकडे मागे दाबा आणि मग एकमेकांकडे आणा. बोंड सहज बाहेर आलं आणि बोटं काढल्यावर बराच वेळ राहिलं तर पहिली प्रत. बाहेर येतं पण सोडल्यावर परत जातं, ती दुसरी. बाहेर येतच नाही, उलट दाबलं की आणखी आत बुडतं किंवा जेमतेम टोक दिसतं, ती तिसरी. तुमचं डावं बोंड दुसऱ्या प्रतीचं आणि उजवं तिसऱ्या प्रतीचं दिसतं. दोन बाजू वेगळ्या असणं नेहमीचंच आहे. थंडीत किंवा स्पर्शाने बोंड आपोआप वर येत असेल तर तेही लक्षात ठेवा. आतल्या स्नायूची ताकद चांगली असल्याची ती खूण आहे.

खोल बुडालेल्या बोंडाच्या खळग्यात मृत त्वचा आणि तेलकटपणा साचतो. पांढरट-पिवळा मेणासारखा थर होतो, वास येतो, कधी बुरशी होते. आठवड्यातून दोन-तीन वेळा कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या काडीने हलकेच पुसा आणि नीट कोरडं करा. साबण, डेटॉल, टाल्कम पावडर आत घालू नका. आतली त्वचा नाजूक असते, ती चिरते आणि मग जंतू शिरतात.

बिनशस्त्रक्रियेच्या उपायांपैकी कोणते सोडून द्यायचे ते आधी सांगतो. क्रीम, तेल, लेप यांनी आतला एकही धागा सैल होत नाही, त्यामुळे त्यांवर पैसे घालवू नका. खरखरीत टॉवेलने बोंड घासून 'कडक' करण्याचा जुना सल्ला तर हानीच करतो. अमेरिकेतल्या हॉफमन यांनी १९५३ मध्ये सांगितलेला व्यायाम अजून पत्रकांत छापला जातो: दोन अंगठे बोंडाच्या दोन बाजूंना ठेवून आडवा आणि उभा ताण द्यायचा. ब्रिटनमध्ये १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आणि नंतर १९९४ मध्ये ब्रिटन-कॅनडातल्या ४६३ गरोदर बायकांवरच्या मोठ्या चाचणीत हा व्यायाम आणि ब्रामध्ये घालायच्या प्लास्टिकच्या वाट्या, दोन्ही तपासले गेले. अंगावर पाजण्याच्या यशात दोन्हींनी फायदा झाला नाही. १९९२ च्या चाचणीत तर वाट्या वापरायला सांगितलेल्या गटात सहा आठवड्यांनंतर अंगावर पाजणाऱ्या बायका कमीच होत्या. 'तुझ्यात काहीतरी कमी आहे' हे आधीच मनात भरवलं की बाई पहिल्याच अडचणीला बाटलीकडे वळते, असं मला यामागचं कारण वाटतं.

ज्याला अर्थ आहे ते म्हणजे हलकं, सलग ओढणं. ब्रिटिश प्लास्टिक सर्जन डग्लस मॅकजॉर्ज यांनी १९९४ मध्ये यासाठी निपलेट नावाचं उपकरण मांडलं: शिवणकामातल्या अंगुस्तानासारखी पारदर्शक टोपी, तिला झडप आणि हवा ओढायला छोटी सिरिंज. आज ऑनलाइन मिळणारी रबरी फुग्याची किंवा स्क्रूची उपकरणं त्याच तत्त्वावर चालतात. मृदू ऊती जोरात ओढल्या तर फाटतात, आणि रोज थोडं, बराच वेळ ओढल्या तर हळूहळू लांबतात. म्हणून जोर कमी आणि वेळ जास्त ठेवायचा. पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा १०-१५ मिनिटं, त्रास नसेल तर हळूहळू काही तासांपर्यंत. टोपीत फक्त बोंड जायला हवं. टोपी मोठी झाली तर काळसर वर्तुळ आत ओढलं जातं, ते सुजतं आणि बोंड जिथल्या तिथे राहतं. उपकरण 'चालत नाही' असं सांगणाऱ्यांपैकी अनेकांची गफलत मापातच झालेली असते. ठणका लागला, बोंड जांभळट-पांढरं पडलं किंवा फोड आला तर लगेच हवा सोडायची आणि तीन-चार दिवस हात लावायचा नाही. दोन-तीन महिने नियमाने करूनही बोंड दहा मिनिटं बाहेर टिकत नसेल तर हा मार्ग थांबवा. पहिल्या प्रतीत फरक चांगला पडतो, दुसऱ्यात पुष्कळदा पडतो पण करणं सोडलं की काही जणींचं परत आत जातं, तिसऱ्यात आशा धरू नये.

बोंडात धातूची दांडी घालून घेणं, म्हणजे पिअर्सिंग, हा उपाय मी सुचवणार नाही. आडव्या दांड्याने बोंड आत जायला अडतं हे खरं, पण ती जखम पूर्ण भरायला सहा महिने ते वर्ष लागतं आणि मधल्या काळात गळू झालं तर वाहिन्यांचं नुकसान होतं. भरावाची इंजेक्शनं काही महिन्यांनी विरून जातात आणि ताठ धागे तसेच राहतात.

आता कापलेल्या सिरिंजने बोंड ओढण्याची पद्धत. कर्नाटकातल्या दावणगेरे इथल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. निर्मला केसरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या स्तनपान प्रशिक्षणात ती शिकवली जाऊ लागली. किंमत काही रुपये, साहित्य कुठल्याही औषधाच्या दुकानात.

१० मिलीची नवीन, सीलबंद सिरिंज घ्या. नळीचा आतला व्यास साधारण दीड सेंटिमीटर असतो. बोंड रुंद असेल तर २० मिलीची, तिचा व्यास साधारण दोन सेंटिमीटर. दट्ट्याच्या टोकाला काळं रबर असलेलीच घ्या, कारण त्या रबराशिवाय हवा नीट धरली जात नाही. सुई फेकून द्या. दट्ट्या पूर्ण बाहेर काढा. सुई बसते त्या तोंडाच्या बाजूने, नळी निमुळती होते त्याच्या थोडं खाली, धारदार ब्लेडने नळी सरळ आडवी कापा. आता महत्त्वाची गोष्ट: दट्ट्या ज्या बाजूने काढला त्या बाजूने परत घालायचा नाही, कापलेल्या बाजूने घालायचा. म्हणजे बोटं टेकवायची पंख असलेली, कारखान्यातून आलेली गुळगुळीत कड छातीकडे येते. ही अदलाबदल विसरून कापलेली कड त्वचेवर टेकवली तर बोंडाभोवती गोल चीर पडते. वॉर्डात हे होताना दिसतं, आणि ती बाळंतीण मग आठवडाभर त्या बाजूला बाळाला घेऊ शकत नाही.

वापरताना दट्ट्या आधी पुढे सरकवलेला असावा. कडेला दुधाचा किंवा पाण्याचा थेंब लावा, नळी बोंडावर सरळ टेकवा आणि दट्ट्या हळू मागे घ्या. बोंड नळीत चढताना दिसतं. चढलं की तिथेच थांबा, आणखी ओढू नका. अर्धा ते एक मिनिट धरा. दुखलं तर दट्ट्या थोडा पुढे ढकला. काढताना आधी दट्ट्या पुढे ढकलून हवा आत येऊ द्या आणि मग नळी उचला. तशीच उपटली तर बोंडाला फोड येतो. हे दिवसातून अनेकदा करायचं, आणि बाळाला घ्यायच्या ऐन आधी तर नक्की. दट्ट्या बाईने स्वतःच्या हाताने ओढावा, नर्सने किंवा सासूने नाही. दुसऱ्याच्या हाताला दुखणं कळत नाही. वापरून झाली की साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, वाळवून, झाकण असलेल्या डब्यात. दुसरीला वापरायला द्यायची नाही.

तुम्ही डाव्या बाजूला हे आजपासून करू शकता. गरोदरपणात मात्र खेचणं बंद ठेवा. बोंडाला ताण दिला की ऑक्सिटोसिन स्रवतं आणि त्याने गर्भाशय आकुंचन पावतं. आधी गर्भपात, अवेळी कळा किंवा रक्तस्राव झालेल्यांसाठी तर याला पूर्ण मनाई. शिवाय गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात बोंडाची लवचीकता आपोआप वाढते, त्यामुळे पाचव्या महिन्यात आत असलेली बोंडं नवव्यात बाहेर येताना पुष्कळदा दिसतात. तेव्हा फक्त एवढं करा: पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना सांगा आणि फाईलवर लिहून घ्या, म्हणजे बाळंतपणानंतर मदत मिळेल.

बाळ बोंड चोखत नाही, स्तन चोखतं. बोंडासह काळसर वर्तुळाचा बराच भाग त्याच्या तोंडात जातो आणि त्यातून आत टाळूपर्यंत लांब घास तयार होतो. बोंड फक्त 'इथे धर' अशी खूण देतं. ती खूण अस्पष्ट असेल तर बाळाला थोडी मदत लागते, एवढाच फरक. जन्मल्यावर पहिल्या तासात बाळ उघड्या छातीवर ठेवा आणि त्याला शोधू द्या. आई मागे रेलून, बाळ पोटावर पालथं, या स्थितीत बाळाच्या वजनानेच तोंडात जास्त स्तन जातो. किंवा बाळाला काखेखालून घ्या, म्हणजे त्याचं डोकं तुमच्या तळहातात राहतं. पाजायच्या आधी सिरिंज. मग चार बोटं खाली आणि अंगठा वर, वर्तुळापासून लांब, आणि वडापाव तोंडात घालण्याआधी आपण तो चेपतो तसा स्तन बाळाच्या ओठांच्या दिशेने चपटा करा. बाळाच्या वरच्या ओठाला स्पर्श करा आणि तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडेपर्यंत थांबा. उघडलं की बाळाला स्तनाकडे आणा, स्तन बाळाकडे वाकवू नका. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर मुडपलेला, वर्तुळ खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसतं, म्हणजे पकड बरोबर आहे. रडणाऱ्या बाळाचं डोकं मागून दाबून स्तनावर लावायचं नाही. असं दोन-तीनदा झालं की बाळ स्तन जवळ आला तरी मान फिरवतं.

खरा पेच तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो. पान्हा भरतो, स्तन दगडासारखा ताठ होतो आणि थोडं बाहेर आलेलं बोंड सपाट होऊन जातं. काल पिणारं बाळ आज घसरतं आणि घरात 'दूधच नाही' अशी चर्चा सुरू होते. अशा वेळी बोंडाच्या बुडाशी चारी बाजूंनी बोटांची टोकं टेकवा आणि छातीकडे सरळ आत, न दुखेल इतपत, एक मिनिट दाबून धरा. सूज मागे सरकते, बोटांच्या खळ्या पडतात आणि वर्तुळ मऊ होतं. मग हाताने थोडं दूध काढून टाका आणि लगेच बाळाला घ्या. बराच वेळ ताठ राहिलं तर गाठी होतात, ताप येतो.

बाळ पहिल्या दिवसांत धरतच नसेल तर चीक आणि दूध हाताने काढत राहायचं, दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा, रात्रीही. दूध निघत राहिलं तरच बनत राहतं. काढलेलं वाटी-चमच्याने किंवा आपल्याकडच्या बोंडल्याने पाजा. बाटलीचं लांब, कडक बूच एकदा तोंडाला लागलं की आत दबलेलं बोंड बाळाला आणखीच अनोळखी वाटतं. पातळ सिलिकॉनचं निपल शील्ड, म्हणजे बोंडावर बसवायची टोपी, जिच्यातून बाळ चोखतं, हा शेवटचा पण उपयोगी आधार आहे. ते १६, २० आणि २४ मिमी अशा मापांत मिळतं. पान्हा फुटल्यावर, स्तनपान सल्लागाराच्या देखरेखीखाली आणि बाळाचं वजन पाहत वापरावं. अर्धं उलटं करून बोंडावर ठेवायचं आणि सरळ करत बसवायचं, म्हणजे बोंड शील्डच्या टोकात ओढलं जातं. काही आठवड्यांनी, पिणं अर्ध्यावर आलेलं असताना आणि बाळ पेंगुळलेलं असताना, शील्ड हळूच काढून पाहा. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त ओल्या लंगोट्या आणि दोन आठवड्यांच्या आत जन्मवजन परत, या दोन गोष्टी जमल्या तर दूध पोचतंय. जन्मवजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त घट झाली तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे. आणि उजवी बाजू अजिबात जमली नाही तरी एका बाजूवर बाळ वाढू शकतं. न चालवलेल्या बाजूचं दूध दोन-तीन आठवड्यांत आटतं. कित्येकींची बोंडं दोन-तीन महिने पाजल्यावर कायमची बाहेर राहतात. बाळासारखा नियमित ताण कुठलंच उपकरण देत नाही. लग्नाआधी ऑपरेशन नको म्हणण्याचं माझं एक कारण हेच आहे.

दुसरं कारण ऑपरेशनच्या स्वरूपात आहे. ते दोन तऱ्हांनी होतं. वाहिन्या राखून करायचं असेल तर जागा बधिर करून, बोंडाला टाक्याने वर ताणून धरतात, बुडाशी काही मिलिमीटरची चीर देतात आणि बारीक कात्रीची टोकं वाहिन्यांच्या दिशेने, उभी उघडत मधले राठ धागे मोकळे करतात. मग बुडाभोवती बटव्याच्या नाडीसारखा टाका घालून तो आवळतात, म्हणजे बोंड परत खाली सरकत नाही. खाली पोकळी राहिली तर शेजारच्या त्वचेखालचे छोटे तुकडे वळवून आधार देतात. तिसऱ्या प्रतीत वाहिन्या स्वतःच इतक्या आखूड असतात की त्या कापल्याशिवाय बोंड वर येत नाही, आणि मग ती बाजू पाजण्यासाठी गेली असंच धरायचं. वाहिन्या राखल्या तरी पुढे पाजता येईल याची हमी कोणी देऊ नये. उलट 'वाहिन्या शंभर टक्के वाचवतो आणि बोंड कधीच परत जाणार नाही' असं तिसऱ्या प्रतीसाठी कोणी सांगत असेल तर दुसरं मत घ्या. त्या प्रतीत दोन्ही एकत्र क्वचितच मिळतात.

दोन्ही बाजूंचं मिळून साधारण एक तासाचं काम असतं, त्याच दिवशी घरी. यश पुष्कळसं नंतरच्या काळजीवर ठरतं. बोंडावर दाब येऊ नये म्हणून मधोमध भोक असलेला स्पंज किंवा कापलेल्या सिरिंजचं कडं लावतात, कधी बोंड टाक्याने त्याला ताणून बांधतात. हे सर्जन सांगतील तितके दिवस, प्रसंगी काही आठवडे, ठेवायचं. घट्ट ब्रा आणि पालथं झोपणं महिना-दीड महिना बंद. नाडीचा टाका फार आवळला गेला तर बोंडाचं रक्त अडतं. बोंड काळंनिळं पडू लागलं किंवा दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं तर उद्यापर्यंत थांबायचं नाही, त्याच रात्री सर्जनला दाखवायचं, कारण टाका वेळेत सैल केला तर बोंड वाचतं. परत आत जाणं, संवेदना कमी होणं, दोन बाजूंत फरक राहणं, या शक्यता आधीच समजून घ्या. परत जायचं असेल तर ते बहुधा पहिल्या काही महिन्यांतच जातं.

मिश्री लावत असाल तर ऑपरेशनआधी किमान चार आठवडे आणि नंतरही बंद. सिगारेटबद्दल डॉक्टर विचारतात, मिश्रीबद्दल बहुतेक वेळा विचारत नाहीत आणि बायका आपणहून सांगत नाहीत. निकोटीन हिरड्यांतूनही रक्तात जातं, बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि बोंडाचा रक्तपुरवठा असतोच मुळात बारीक वाहिन्यांचा. पाजून झालेल्या बाईने दूध पूर्ण आटल्यावर सहा महिने थांबून ऑपरेशन करावं. दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया म्हणून विमा कंपनी खर्च बहुधा नाकारते, हे आधी विचारून घ्या. सर्जनला तीन प्रश्न विचारा: माझी प्रत कोणती, वाहिन्या कापाव्या लागल्या तर ते टेबलावर ठरणार की आत्ता, आणि परत आत गेलं तर पुढे काय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर संमतीपत्रावर लिहून घ्या. मूल नको असं ठरलेलं असेल, किंवा खोल बोंडात परत परत जंतुसंसर्ग होत असेल, तर तिसऱ्या प्रतीत आत्ताच ऑपरेशन करणंही योग्यच. आणि बोंडं आत आहेत म्हणून शरीरसुखात किंवा गर्भ राहण्यात काहीच अडथळा नसतो. होणाऱ्या नवऱ्याला सांगायचं की नाही, हा तुमचा निर्णय.

आजीचं म्हणणं उरलं. आईच्या संप्रेरकांमुळे नवजात बाळाचे स्तन, मुलगा असो की मुलगी, पहिल्या काही आठवड्यांत थोडे फुगतात आणि कधी त्यातून दुधासारखा थेंब येतो. तेल लावायला येणाऱ्या बायका तो दाबून काढतात, 'म्हणजे मुलीची बोंडं वर येतील' म्हणून. त्याने आतली वाढ बदलत नाही. तुमची बोंडं कोणी दाबली नाहीत म्हणून आत राहिलेली नाहीत. दाबल्याने होतं ते उलटं: नाजूक ऊती चिरडतात, जंतू शिरतात, गळू होतं, चीर द्यावी लागते, आणि त्यात स्तनाचा कोंभच दुखावला तर ती बाजू पुढे नीट वाढत नाही. काही न करता ही सूज आपोआप उतरते. लाल झालं, गरम लागलं किंवा बाळाला ताप आला तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ. उद्या तुमच्या घरी तान्ही मुलगी आली तर तेल लावणाऱ्या बाईला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, छातीवरून हात फिरव, पण बोटांनी दाबू नकोस.